पाचवी बाटली

एदेल्मिराने सगळ्यात वरची बाटली मानेला धरून उचलली, तर खालच्या चारही तिच्यासोबत वर आल्या.

हात तसाच अधांतरी राहिला. शाळेच्या सभागृहात शेवटच्या वर्गाच्या मुली डोक्यावर बाटल्या घेऊन करायच्या नाचाच्या तालमीनंतर जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. कुणी चीज घातलेला चिपा-पाव खात होतं, कुणी तेरेरेच्या गार काढ्याचा पेला फिरवत होतं. एदेल्मिरा त्यांचे नक्षीचे पांढरे झगे द्यायला आली होती. निघताना वाटेतल्या बाटल्या बाजूला ठेवाव्यात म्हणून तिने हात घातला, एवढंच. एकीच्या बुडाच्या खळग्यात दुसरीचं तोंड, अशा पाच बाटल्यांचा मनोरा. प्रत्येक सांध्याला रबरासारखा पिवळट गम.

"न्या दिओनिसिया," नाच शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना तिने गावच्या रीतीने मानाचं 'न्या' लावून हळूच हाक मारली, "या चिकटवल्यात?"

"मग काय थुंकीने राहतील?" न्या दिओनिसिया हसल्या. "अगं एदेल, सगळेच चिकटवतात. राजधानीतल्या मोठमोठ्या नाचणाऱ्यासुद्धा."

"पण मी तर नवस..."

"नवस तू केलास, नाच मी बसवते. माझ्या एखाद्या नाचणारीची मान मोडली तर तुझी माता येणारे का पट्टा बांधायला?"

मुली खिदळल्या. एदेल्मिराही हसली, पण घरी जाताना तिचे पाय जड झाले होते.

तिची मुलगी नीमिया अकरा महिन्यांची असताना तापाने तिचे डोळे पांढरे झाले होते. डॉक्टर मान हलवून निघून गेले, तेव्हा एदेल्मिराने गावच्या रोझरी मातेपुढे गुडघे टेकले. पोर वाचू दे, शाळेच्या शेवटच्या वर्षी तुझ्या सणाला पाच बाटल्या डोक्यावर घेऊन नाचेल, रोझरीच्या जपमाळेच्या पाच टप्प्यांची, म्हणजे पाच रहस्यांची, एकेक बाटली. सकाळपर्यंत ताप उतरला. तेव्हापासून एक दिवस असा गेला नाही की एदेल्मिराने रोझरी म्हटली नाही. आता सण तीन दिवसांवर आला होता, आणि बाटल्या खोट्या निघाल्या होत्या. एकमेकींवरून पडूच न शकणाऱ्या बाटल्या घेऊन नाचायचं, याला नवस फेडणं कसं म्हणायचं?

संध्याकाळी तिने विषय काढला. नीमिया आरशासमोर डोक्यावरच्या चुंबळीला पिना लावत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"मार्चपासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर हेच झालं असतं ना, जे आत्ता चाललंय!" नीमिया वळली. "मागच्या वर्षी त्या ग्लाडिसची न चिकटवलेली बाटली पडली, तर अजून अख्खी शाळा तिला 'फुटकी' म्हणते. तिचा व्हिडिओ तिच्या आजीच्या गावापर्यंत पोचला, आई."

"मातेला शब्द दिलाय गं."

"कुणी दिला? मी? मला विचारलं होतंस?"

"अकरा महिन्यांची होतीस!"

"तेच म्हणतेय मी. नवस तुझा आणि मान माझी."

एदेल्मिराला राग यायला हवा होता, पण आली ती भीती. त्या रात्रीपासून रोझरी म्हणताना तिसऱ्या रहस्यापाशी तिचं बोट मण्यावरच अडून राहायचं. पुढे काय म्हणायचं तेच आठवेना. माता रागावली असेल का? सतरा वर्षांपूर्वी जे दिलं ते परत मागेल का? पोर पलीकडच्या खोलीत झोपायची आणि एदेल्मिरा दाराशी उभी राहून तिचा श्वास ऐकायची, तापाच्या त्या रात्री ऐकत होती तसाच.

सणाच्या आदल्या दुपारी नीमिया बाटल्या सरावासाठी घरी घेऊन आली आणि देवळात फुलं लावायला निघून गेली. एदेल्मिरा जाळीच्या कामाला बसली होती. चौकटीवर ताणलेल्या कापडावर सुईने जाळी विणायची, आणि मग बारीक कात्रीने धाग्याला धक्का न लावता खालचं कापड कापून टाकायचं, हे तिचं रोजचं काम. हातात कात्री होतीच. समोर तो मनोरा.

ती उठली कधी, तिलाही कळलं नाही. कात्रीचं टोक सगळ्यात वरच्या सांध्यात गेलं. गम पनिरासारखा कापला गेला. पाचवी बाटली सुटली. तिने ती पुन्हा जागेवर ठेवली. बघणाऱ्याला काही फरक कळला नसता. आता चौथी. कात्री टेकवली, आणि तिचा हात थांबला.

उद्या पोर त्या गमाच्या भरवशावर कंबर वळवेल.

आपण हे काय करत होतो? कुणासाठी? तिने कात्री खाली ठेवली. फाटकाची कडी वाजली. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? पण नीमिया आत आली तशी ती म्हणाली, "थांब. त्यांना हात लावू नकोस. वरची मी सोडवलीय."

नीमियाचा चेहरा उतरला. तिने उरलेल्या चार बाटल्या एकेक करून हलवून पाहिल्या.

"आणखी कुठे कापलंस का?"

"नाही."

"शपथ घे."

"मातेची शपथ."

"आणि मी तशीच गेले असते तर?"

एदेल्मिराने पदराएवढ्या त्या अर्ध्या जाळीत तोंड लपवलं. मग टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. समोर पाचवी बाटली होती, एकटी.

"मी चार घेऊन नाचते," नीमिया म्हणाली. "ही तू घे."

"मी? पंचेचाळीस वर्षांची बाई?"

"न्या दिओनिसिया सत्तरीच्या आहेत, त्या नाचतात की."

"मी काय तुझ्या शाळेतली आहे?"

"नवसाच्या बायकांच्या गालोपा नाचाला शाळा लागत नाही, आई. नवस लागतो, आणि तो तुझ्याकडे आहे."

"पण त्या चार तर चिकटवलेल्याच..."

"त्या चारांचं मी आणि माता बघून घेऊ."

दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या चौकात मुली नाचल्या. नीमियाने चार बाटल्या मिरवत गिरकी घेतली, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "पाचवी प्यायलीस काय गं?" लोक हसले, नीमियाही हसली. एदेल्मिराला मात्र हसू येईना. ती झग्याला पुन्हा पुन्हा तळवे पुसत होती. मग बँडने गालोपाचा ठेका धरला आणि नवसाच्या बायका अनवाणी मैदानात उतरल्या.

चुंबळीवर बाटली ठेवली तशी ती काचेची वाटेना, शिशाची वाटली. पहिली फेरी ती नाचलीच नाही, नुसती चालली. दुसऱ्या फेरीत कुणीतरी म्हणालं, "एदेल, देवाघरी निघालीस का? जरा हल की!" तिने कंबर वळवली. बाटली डुलली. हात आपोआप वर गेला. हात लावला तर सगळं वाया, म्हणून तिने तो हवेतच धरला आणि झग्याचा घोळ पसरून खाली आणला. बाटली डुलत राहिली, पडली नाही. मनातल्या मनात ती रोझरी म्हणत होती; तिसरं रहस्य कधी सरलं तिला कळलं नाही. चौथं. ठेका वाढला. मानेतली शीर ताठ झाली, डोळ्यांपुढे लोकांचे चेहरे पुसट झाले. आता पडणार. आता. आता.

बँड थांबला, पण ती थांबेना. पावलं तशीच चालत राहिली, खाली बघायची हिंमत होईना.

कुणीतरी तिच्या समोर आलं. दोन हातांनी डोक्यावरचं ओझं उतरवलं.

"झालं, आई."

"पाचवं रहस्य व्हायचंय अजून," एदेल्मिरा कुजबुजली.

नीमियाने बाटली छातीशी धरली आणि ती आईच्या शेजारी उभी राहिली. "म्हण मग. मी आहे."