अंतरपटाची शिवण

"हात लावू नकोस म्हटलं ना!"

सून दचकली. पडद्याची कड सोडून तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"धूळ झटकत होते, आई."

"धूळ मला दिसते. माझी मी झटकेन."

हे खोटं होतं. शिवणबाईंना आता धूळ दिसत नव्हती, सुईचं नेढं दिसत नव्हतं आणि समोर उभी असलेली सून दिसायची ती पाण्याखाली असल्यासारखी. घरात हे कुणाला ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती. कळलं असतं तर मुलाने मशीन उचलून बायकोच्या हवाली केलं असतं. मग शिवणबाई कसल्या? नुसत्या बाई.

त्यांच्या चर्चच्या सभागृहात दरवर्षी बायबलच्या जुन्या करारातला निवासमंडप, म्हणजे देवाचा तंबू, उभारत. लाकूड, पत्रा, सोनेरी कागद. प्रत्येक वस्तूवर पाळकसाहेबांची पाटी. एकेक पाटी वाचत आत जायचं आणि शेवटी अंतरपटापाशी, म्हणजे आतल्या परमपवित्र जागेपुढच्या पडद्यापाशी, थांबायचं. तो अंतरपट शिवायचा मान शिवणबाईंचा. आपणही त्याच वाटेने जाऊ.

पितळी वेदी
*पाटी: येथे कोकऱ्याचा बळी. आपल्यासाठी तो वधस्तंभावर झाला.*

इथे जो तो आपलं पाप घेऊन येतो. शिवणबाईंच्या मते पाप सुनेच्या पदरी होतं. कोणतं, ते अजून हाती लागायचं होतं.

गंगाळ
*पाटी: स्त्रियांनी दिलेल्या आरशांचं पितळ. धुतल्याशिवाय पुढे जाऊ नये.*

मंडळीतल्या बायका गंगाळ घासायला बसल्या होत्या. "बघा की, शिवणबाई, चेहरा दिसतोय!"

त्यांनी वाकून पाहिलं. एक पिवळा गोळा. "कसला दिसतोय? घासलंय कुठे धड?"

बायका हसल्या. सून तेवढी हसली नाही. ती का हसली नाही, हा प्रश्न शिवणबाईंनी घरी नेला आणि दोन दिवस चघळला.

भाकरीचं मेज
*पाटी: ख्रिस्त जीवनाची भाकर.*

"पाण्याचा ग्लास रोज इथेच का ठेवतेस गं? उजव्या हाताला?"

"सवय झालीय, आई."

"आणि मीठ डाव्या हाताला?"

"तीही सवयच."

मुलगा म्हणाला, "आई, जेव की. पोलीस चौकीत बसल्यासारखी काय चौकशी करतेस?"

शिवणबाईंनी घास घेतला. इतकी गुणाची सवय कुणालाच नसते. यात काहीतरी डाव आहे.

दीपवृक्ष
*पाटी: तो जगाचा प्रकाश आहे.*

मशीनवर नवा दिवा आला. लख्ख. सुनेनेच बसवून घेतला.

"एवढा उजेड कशाला? माझे डोळे जाळायचेत?"

"तुम्हाला बरं पडेल म्हणून."

मला? शिवणबाई मनात म्हणाल्या. उद्या कोण बसणार आहे इथे, ते काय मला कळत नाही?

आणि त्याच आठवड्यात, दुपारी डोळा लागला असताना, झोपेत त्यांना मशीनचा आवाज आला. उठल्या तेव्हा घर शांत होतं. सून स्वयंपाकघरात भांडी लावत होती, जरा जास्तच आवाज करून. शिवणबाईंनी अंतरपट चाचपला. घडी त्यांची नव्हती. त्या कड आत घालत, ही बाहेर होती.

काय केलं हिने? पडद्यावर भरलेल्या करुबांचे, त्या देवदूतांचे, पंख त्यांनी बोटांनी तपासले, एकेक टाका. भरतकाम त्यांचंच. कोपऱ्यात हिने आपली खूण तर भरली नाही? तीही नाही. विचारावं, तर "बघा ना, आई" म्हणायची. बघायचं कसं?

त्यांनी घडी मोडली आणि कड आत घालून पुन्हा घातली.

धूपवेदी
*पाटी: वर जाणारा धूर म्हणजे प्रार्थना.*

डोळ्यांना पाणी येतं ते या धुरामुळे, असं शिवणबाई सांगत. धूप वर्षातून एकदाच जळे.

अंतरपट
*पाटी: हा पडदा म्हणजे ख्रिस्ताचा देह. तो वरपासून खालपर्यंत फाटला आणि वाट मोकळी झाली.*

पडदा खरोखर फाटायचा. पाळकसाहेब हे शेवटचं वाक्य बोलत, कुणाला दिसणार नाही अशी एक दोरी ओढत आणि निळं-जांभळं-किरमिजी कापड मधोमध दुभंगून आतला देवाच्या कराराचा सोनेरी कोश दिसे. लोक श्वास रोखत. खुबी एवढीच की पडद्याचे दोन भाग मधोमध लांब, कच्च्या टाक्यांनी नुसते टाचलेले असत. हे गुपित पाळकसाहेबांचं आणि शिवणबाईंचं. घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. सुनेला तर नाहीच नाही.

यंदा सभागृह भरलं. पाळकसाहेबांनी वाक्य म्हटलं, दोरी ओढली.

पडदा हलला. फाटला नाही.

पुन्हा ओढली. वरचा दांडा करकरला. मागून कुणीतरी खुसखुसलं. पाळकसाहेबांनी शिवणबाईंकडे पाहिलं. ती नजर त्यांना दिसली नाही, पण ती कशी असेल ते कळलं. गेले कित्येक दिवस त्या स्वतः सुनेकडे तसंच बघत होत्या.

शेजारी बसलेली सून त्यांच्या कानाशी वाकली. "आई," ती पुटपुटली, "मधली शिवण फार सैल होती. टाके वेडेवाकडे. मला वाटलं, तुम्हाला आता... लोक नावं ठेवतील म्हणून मी मशीनवर दुहेरी मारली. तुम्हाला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं."

म्हणजे हिला ठाऊक होतं. ग्लास, मीठ, दिवा.

एक वाक्य पुरलं असतं: सुनेने बिघडवलं. सगळ्या मंडळीने मान डोलावली असती.

शिवणबाई उठल्या. पिशवीतून छोटी कात्री काढली, स्टूल ओढलं, चढल्या. बोटांना शिवण सापडली. बारीक, सरळ, घट्ट. चांगली शिवण होती. कात्रीचं टोक त्यांनी दोनदा टेकवलं आणि दोनदा मागे घेतलं. दोरा कुठे आणि करुबाचा पंख कुठे, काही उमगेना.

त्या खाली उतरल्या.

"इकडे ये गं," त्या म्हणाल्या, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "मला दिसत नाही."

सून आली आणि तिने कात्री घेतली.

"खालून करू, आई? सोपं जाईल."

"वरून. वरूनच उसवायचं असतं."

सून स्टुलावर चढली. स्टुलाचा एक पाय आखूड होता. शिवणबाईंनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. वर कात्री कट् कट् वाजत राहिली, दोऱ्याचे तुकडे त्यांच्या केसांवर, खांद्यांवर पडत राहिले, आणि हात मोकळे नव्हते म्हणून त्यांनी ते झटकले नाहीत.