कबुलीला लावलेली चाल

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा संपून थोडेच दिवस झाले होते. हाशमभाई अंगणात आरसा टांगून दाढी करत होते आणि अर्ध्या गालाला साबण तसाच असताना त्यांच्या उजव्या हातातला वस्तरा गळून पडला. बायकोला हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं. "शबाना" म्हणायचं होतं. निघालं ते "चला".

दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय बऱ्यापैकी सावरला होता. उजवा हात मात्र लोंबत होता, आणि साऱ्या बोलीतून तेवढा एकच शब्द मागे उरला होता. भूक लागली, चला. पंखा लावा, चला. पाहुण्यांना बसा म्हणायचं, तरी चला. उभी हयात एसटीची गाडी हाकलेला माणूस. विजापूर वेस या त्यांच्या वस्तीतल्या पोरांना त्याचं हसू यायचं आणि मोठ्यांना वाटायचं, हाशमभाईंचं डोकं गेलं. डोकं ठिकाणावर होतं, हेच तर दुखणं होतं. समोरचा काय बोलतो ते सगळं कळायचं, उत्तरही आत तयार असायचं, पण ओठांशी येईतो त्याचं "चला" होऊन जायचं.

त्यात घरात लग्न. एकुलती एक लेक नाजनीन अकलूजच्या सोहेबला दिलेली, निकाह रमजान ईदनंतर ठरलेला. निकाहाच्या वेळी मुलीकडून एकजण वकील होतो. दोन साक्षीदार घेऊन तो आत बायकांत बसलेल्या मुलीकडे जातो, तिला कबूल आहे का विचारतो आणि बाहेर येऊन काझींना तिची कबुली सांगतो. हाशमभाईंच्या घरात हे काम बापच करत आला होता. नाजनीन पोटात होती तेव्हाच ते शबानाला म्हणाले होते, "लडकी हुई तो उसकू मैच पूछूंगा, दुसरा कोई नै."

एका दुपारी धाकटा भाऊ शाकीर येऊन पलंगाच्या कडेला बसला. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "भाईजान, वकील मैं बनताऊं. तुम सिरफ बैठो. काझीसाब बी बोले, नुसती मान डोलावली तरी चालतंय."

हाशमभाईंनी मान हलवली. नाही.

"अकलूजके लोगां रहेंगे. तुमना सबके सामने..." शाकीर अडखळला. तो मनाचा वाईट नव्हता. लहानपणी भावाचंच बोट धरून तो शाळेत गेला होता. पण चारचौघांत थोरला भाऊ "चला, चला" करत उभा राहिलेला त्याला बघवणार नव्हता. "कायकू इतनी तकलीफ?"

"चला!" हाशमभाई ओरडले. डाव्या हाताने त्यांनी पलंगावर थाप मारली. "चला! चला!" भावाला बाहेर जा म्हणत नव्हते ते. मीच विचारणार, एवढंच म्हणत होते. पण शाकीर उठला आणि डोळे पुसत निघून गेला.

रोज सकाळी येणारा एकच माणूस होता, मडिवाळप्पा. एसटीत वर्षानुवर्षं हाशमभाईंच्या गाडीवर कंडक्टर. तिकडं अक्कलकोटच्या बाजूचा, घरी कन्नड, बाहेर मराठी. बाकीचे लोक हाशमभाईंशी आता मोठ्याने आणि तोडून तोडून बोलायचे, बहिऱ्याशी बोलावं तसं. मडिवाळप्पा मात्र पूर्वीसारखाच बडबडायचा.

"एनप्पा हाशम, आज चेहरा का बे पडलाय? शाकीर भेटला वाटेत. सांगितलं त्यानं." तो उंबऱ्यावर बसला, तंबाखूला चुना लावून मळत राहिला. मग काही सुचेना म्हणून गुणगुणायला लागला. बार्शीच्या फेरीला गाडी रिकामी असली की दोघांनी मिळून जुळवलेलं एक येडंबागडं गाणं होतं:

"वडाळ्याच्या वळणावर उतरली म्हातारी,
वैरागच्या बाजारात विसरली..."

"न्याहारी," हाशमभाई म्हणाले.

मडिवाळप्पाचा हात थांबला. "काय म्हणलास?"

हाशमभाईंनाही कळेना काय झालं. मडिवाळप्पाने घाईघाईने पुन्हा पहिल्यापासून धरलं आणि या खेपेला हाशमभाई त्याच्याबरोबर शेवटपर्यंत गेले. म्हातारी, न्याहारी, बार्शीचा भुसार बाजार, सगळे शब्द ओळीने, धडधाकट. गाता गाता त्यांना डिझेलचा वास आला, तापलेल्या इंजिनाची धग मांडीला लागली, आणि वैरागला खिडकीतून पेरू आत देणारी ती बाई दिसली, जिचं नाव कधी विचारलंच नव्हतं. चाळिशीतले हाशमभाई, मिशा काळ्या, आवाज गाडीच्या मागच्या बाकापर्यंत जाणारा.

शबाना आतून पिठाचे हात घेऊन धावत आली. "कौन बोल्या?"

"ह्यो बोलला की वो वहिनी!" मडिवाळप्पा उभाच राहिला. "लई बोलला!"

पण शबानाने "क्या बोले? फिरसे बोलो" म्हटल्याबरोबर तोंडातून निघालं, "चला."

दवाखान्यात बोलणं शिकवायला सिद्धेश्वरी नावाच्या एक बाई होत्या. आजवर त्या चित्रं दाखवायच्या, कप, गाय, घड्याळ, आणि हाशमभाई घामाघूम व्हायचे. हा प्रकार ऐकून त्यांनी चित्रं बाजूला ठेवली. "काका, मेंदूत बोलण्याची जागा एका बाजूला असते, तिथं मार बसलाय. गाण्याचं बरंचसं काम दुसऱ्या बाजूला चालतं, ती बाजू शाबूत आहे. आता तुमची जुनी गाणी गोळा करू. आधी गाण्यातले शब्द येतील. मग त्याच चालीवर नवे शब्द बसवायचे, डाव्या हातानं मांडीवर ठेका धरून. मेहनत आहे. आणि कुणाकुणाला फार जमतही नाही, हेही सांगते."

हाशमभाईंनी डावा हात मांडीवर ठेवला आणि लगेच एक थाप मारली. सिद्धेश्वरीबाई हसल्या. "आत्ताच?"

आत्ताच.

मग घरात गाण्यांचा धांडोळा सुरू झाला. नाजनीनने मोबाईलवर जुनी गाणी लावली. काही ऐकून हाशमभाई मान हलवायचे, काही ऐकून मांडीवर ठेका धरायचे. एकदा शबाना चुलीपाशी भाकरी थापत होती, भाकरी ती गॅसवर करत नसे, आणि मोबाईलवर एक खूप जुनं सिनेमाचं गाणं लागलं. हाशमभाईंनी ते लगेच ओळखलं. साखरपुडा झाल्यावर दोघं चोरून गड्ड्याच्या यात्रेत भेटले होते. आकाशपाळणा वर गेला तशी शबाना घाबरली, आणि तिला धीर यावा म्हणून त्यांनी हेच गाणं म्हटलं होतं, नायिकेच्या नावाच्या जागी तिचं नाव घालून. खाली दिव्यांचा लखलखाट, भाजलेल्या कणसांचा धूर, आणि तिच्या मुठीत घट्ट धरलेली त्यांची बाही.

ते उठले. भिंतीला धरत चुलीपाशी गेले आणि ओळ म्हणाले. नाव जिथे यायचं तिथे आलं. "शबाना."

शबानाचा हात भाकरीवरच राहिला. त्यांना लकवा मारल्यापासून ती रडली नव्हती. औषधं, दवाखाना, लग्नाची खरेदी, सगळं ओठ मिटून करत आली होती. आता तिने पदर तोंडात धरला. तव्यावरची भाकरी करपली तरी दोघांपैकी कुणी ती उलटली नाही.

"और एक बार," ती शेवटी म्हणाली.

त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. ते नाव गाण्यातून सुटं होऊन हाती येईतो ईदचा चंद्र जवळ आला होता.

रमजानमध्ये औषधांमुळे त्यांना रोजे धरता आले नाहीत, त्याचं वाईट वाटायचं. त्या रागाने ते दुप्पट मेहनत करायचे. निकाहाचा सवाल त्यांनी आधी एसटीच्या गाण्यावर बसवून पाहिला. "नाजनीन बेटी, सोहेबसे निकाह, तेरेकू कबूल है?" शब्द आले, पण असे, की जणू कंडक्टर विचारतोय, वडाळ्याला उतरणारे आहेत का कुणी! नाजनीन आधी हसली, मग तिला हसू आवरेना, आणि हाशमभाईही पोट धरून हसले. ती चाल बाद झाली. सिनेमाच्या गाण्याची चाल काझींसमोर म्हणायची त्यांना लाज वाटली.

तेव्हा त्यांना आई आठवली, बिबीजान. विड्या वळता वळता ती पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून शाकीरचा पाळणा हलवायची आणि म्हणायची:

"निंदी आई डोली में, तारे लाई झोली में,
मेरे लाल कू बी देव, एक तारा खोली में."

भिजवलेल्या पानांचा आणि तंबाखूचा वास, कात्रीचा कचकच आवाज, आणि पाळण्याला टेकून बसलेले लहानगे हाशम, ज्यांना ते गाणं आपल्यासाठीच आहे असं वाटायचं. पुढे नाजनीनला गोवर निघाला होता, शबाना माहेरी बार्शीला आईच्या दुखण्यात अडकली होती, तेव्हा त्यांनीच हे गाणं म्हणत लेकीला छातीवर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या होत्या. अंग तिचं भट्टीसारखं तापलेलं. गाणं थांबलं की ती रडायची, म्हणून त्यांनी थांबवलंच नव्हतं.

ही चाल धरली. शब्द हळूहळू चढले. "नाजनीन बेटी" यायचं, "सोहेब" अडायचं. "सोहेब" आलं की "कबूल" पळायचं. मांडीवर थापा मारून मारून डावा तळवा लाल व्हायचा. ते थकले की शबाना म्हणायची, आता पुरे, आणि ते मान हलवायचे. शाकीर एकदा दारात उभा राहून ऐकत होता. आत न येताच निघून गेला. जाताना मात्र म्हणाला, "भाभी, वो दिन मैं साक्षीदार बनताऊं. वकील भाईजानच."

निकाहाच्या दिवशी ऊन असं, की कार्यालयाच्या पत्र्याखाली कूलर नुसतेच घोंघावत होते. काझींनी समजुतीने सांगितलं, "नावं आणि नवऱ्यानं द्यायच्या महरची रक्कम मी वाचतो. विचारायचं तेवढं तुम्ही विचारा. नाही जमलं तरी इशारा पुरेसा आहे, हाशमभाई. अल्ला नियत बघतो." हाशमभाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि आतल्या खोलीकडे निघाले. मागे शाकीर आणि दुसरा साक्षीदार. मडिवाळप्पा ठेवणीतला फेटा बांधून दाराबाहेर उभा राहिला.

आत बायकांची गर्दी. लाल ओढणीखाली नाजनीन मान खाली घालून बसली होती. हाशमभाईंनी मांडीवर हात ठेवला.

"नाजनीन बेटी..." सूर लागला. दोन-तीन बायकांनी चमकून वर बघितलं. "सो... सो..."

शब्द गेला. कुणीतरी तरुण पोरगी खुदकन हसली आणि एका म्हातारीने तिच्या पाठीत धपाटा घातला. शाकीर पुढे सरकला, त्याचे ओठ हलले. हाशमभाईंनी डावा हात वर करून त्याला थांबवलं. नाजनीनने मान वर केली नाही, शब्द पुरवला नाही. घाई नाही, असं सांगावं तसे तिचे मेंदीभरले हात मांडीवर शांत पडून होते.

हाशमभाईंनी डोळे मिटले. सवाल सोडून दिला आणि थेट मुळापासून धरलं. "निंदी आई डोली में, तारे लाई झोली में..." नवरीच्या खोलीत अंगाई! पण आता कुणी हसलं नाही. दुसरी ओळ संपली आणि थाप न चुकवता, श्वासही न घेता, ते त्याच चालीवर पुढे गेले, "नाजनीन बेटी, सोहेबसे निकाह, तेरेकू कबूल है?"

ओढणीखालून रडका पण ठाम आवाज आला, "हौ अब्बा. कबूल है."

रिवाजाप्रमाणे त्यांनी पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. तिसऱ्या खेपेला तर आवाज दाराबाहेर मडिवाळप्पापर्यंत गेला.

मंडपात अकलूजची सारी मंडळी बसली होती. काझींसमोर उभं राहून हाशमभाईंनी मांडीवर ठेका धरला आणि सगळ्यांदेखत, लाजेचा लवलेश न ठेवता, गाऊन सांगितलं, "मेरी बेटी कू कबूल है." सोहेबचे वडील आधी गोंधळले, मग उठून उभे राहिले आणि त्यांनी हाशमभाईंना मिठी मारली. शाकीर कूलरच्या आडोशाला तोंड फिरवून उभा होता.

लेक गेली आणि घर सुनं झालं. नाजनीनचा पहिला फोन आला तेव्हा शबानाने तो त्यांच्या कानाला लावला. पलीकडून "अब्बा, कैसे हैं?" आलं, आणि हाशमभाईंना काहीच जमलं नाही. समोर चेहरा नाही, ठरवलेलं वाक्य नाही. त्यांनी फोन ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरीबाईंना त्यांनी फोन दाखवला, मग स्वतःचं तोंड दाखवलं.

"फोनवर बोलायचंय? ते सगळ्यात अवघड असतं काका."

त्यांनी मान डोलावली. अवघड तर अवघड.

आठवडाभराने त्यांनी स्वतः डाव्या अंगठ्याने नंबर लावला. शबाना भाजी निवडत होती, तिला उठूही दिलं नाही. पलीकडे नाजनीनचा आवाज आला आणि ते बराच वेळ श्वास घेत राहिले. ती थांबली. मग ते म्हणाले, "आज... सालन... क्या?" कुठल्याच गाण्याची चाल नव्हती त्याला. थोडं वर, थोडं खाली, वाकडंतिकडं, त्यांचं स्वतःचं.

"वांग्याचं, अब्बा," नाजनीन म्हणाली. "जळलं जरा."

हाशमभाई हसले, आणि पुढचा सवाल शोधायला लागले.