चुना काढलेलं घर

तीन वर्षांत प्रज्योतला दिग्दर्शन किती आलं ते देव जाणे, पण दमायला तो चांगलाच शिकला होता. पुण्याच्या फिल्म स्कूलमध्ये त्याच्या पटकथा सरांनी तीनदा परत केल्या. "यात तू कुठे आहेस?" एवढंच विचारायचे आणि चहाला निघून जायचे. चौथ्या खेपेला त्याने वैतागून गोव्यातल्या आमोण्याचं आपलं घरच लिहून काढलं. खाणीचा माल जेटीवर नेणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यालगतचं घर, भिंती-कौलं-तुळस सगळं लाल धुळीने माखलेलं, आणि आत दिवसभर एकटी असलेली एक बाई. सोबत दोन फोटो जोडले. सरांनी ते बराच वेळ पाहिले. "ही भिंत म्हणजेच तुझी फिल्म," ते म्हणाले. "ती नसेल तर करू नकोस."

डिप्लोमाची फिल्म म्हणजे शेवटची परीक्षा. कॅमेरा दोन दिवसांसाठी मिळाला, निगेटिव्हचे डबे अगदी बेताचे. हुकलं तर आणखी एक वर्ष. आणि त्याच्या अंगात आता आणखी एका महिन्याचंही त्राण उरलं नव्हतं.

घरी त्याने पत्र टाकलं: आम्ही आठ जण येतोय, आपलं घर सिनेमात येणार आहे, आई, तुलाही त्यात काम आहे. बास. आपण नेमकं काय करतो हे घरी समजावून सांगायची त्याला कधी सवयच नव्हती. गोवा राज्य होऊन दोन वर्षं झाली होती, पण वडील गोकुळदास अजून लोकांना सांगत की मुलगा पुण्यात फोटो काढायला शिकतो.

एप्रिलातल्या त्या सकाळी रात्रभर हिंदकळत आलेली मॅटॅडोर वळणावर आली आणि प्रज्योत सीटवरून अर्धा उठला. घर पांढरंशुभ्र! नीळ घातलेल्या चुन्याचे दोन हात मारलेले. कौलं धुतलेली, अंगण सारवलेलं, तुळशीपुढे रांगोळी, ओसरीवर शेजारच्या धाकूकडून आणलेल्या आठ खुर्च्या. गणपतीच्या चवथीला भिंतींना काढायचा चुना त्याच्या आईने, चंद्रावतीबाईंनी, पाच महिने आधीच काढला होता. माणसं घरी येणार म्हटल्यावर आमोण्यातली कुठलीही बाई दुसरं काय करणार होती?

नवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून त्या हसत पुढे आल्या. प्रज्योतचं डोकंच फिरलं.

"आई, कोणी सांगिल्लें तुका हें?"

"घर सिनेमांत येतलें म्हणून तूंच पत्रांत बरयलें मरे? मगे लोकांक बुरशें घर दाखोवचें?"

"माका बुरशेंच जाय आशिल्लें!" तो सगळ्यांसमोर ओरडला. तो धुळीचा मळच तर त्याची फिल्म होती.

चंद्रावतीबाईंचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, आणि त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या जुनं लुगडं नेसून. केसांतली अबोलीही काढली होती.

कॅमेरा सांभाळणारा अनंत, त्याच्याच वर्गातला, हळूच म्हणाला, "दुसरं घर बघू या का?" पण प्रज्योतला दुसरं घर शोधायचंही जिवावर आलं होतं. त्याने दोघांना रस्त्याकडेची लाल धूळ घमेल्यांत भरून आणायला लावली. "मारा भिंतीवर," म्हणाला.

पोरांनी मारली. भिंतीवर लाल फराटे उठले. शिमग्याला कोणी दारू पिऊन रंग फेकावा तसली ती भिंत दिसायला लागली. अनंतने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मान हलवली. सकाळचं ऊन बाराच्या आत भिंतीवरून उतरणार होतं. प्रज्योत ओसरीच्या पायरीवर मटकन बसला. त्याला रडावंसं वाटत होतं, पण तेवढाही जोर नव्हता.

"अशी बसना ती धुल्ल."

चंद्रावतीबाई मागे उभ्या होत्या. खांद्यावर फडकं, हातात सूप.

"बारा वर्सां पुसतां हांव तिका. ती खंय बसता तें माका विचार."

त्यांनी आधी फडक्याने फराटे झटकले. मग बारीक धूळ निवडून सुपात घेतली आणि रस्त्याच्या बाजूने, तांदूळ पाखडावेत तशी भिंतीवर पाखडायला लागल्या. धूळ उडाली, तरंगली, आणि सावकाश बसली. "जनेलाखाला चड," त्या खिडकीखाली जास्त धूळ सोडत म्हणाल्या. "दाराच्या माथ्यार पातळ. ह्या कोनशाक वारें येना, हांगा नाका." तो कोपरा त्यांनी पांढराच ठेवला. तुळशीच्या पानांवर त्यांनी चिमटीने धूळ सोडली. मुलांनी घमेली खाली ठेवली. कालपरवा स्वतःच्या हाताने पांढरी केलेली भिंत त्या स्वतःच्याच हाताने माखत होत्या, आणि एकदाही चुकत नव्हत्या.

ते पाहताना प्रज्योतला स्वतःची लाज वाटली. या घराची धूळ त्याने जगाला दाखवायचं ठरवलं होतं, आणि ती कुठे बसते हेही त्याला ठाऊक नव्हतं.

अकरा वाजता अनंत म्हणाला, "फोटोतलीच भिंत आहे." शॉट झाला. रस्त्यावरून ट्रक गेला, चंद्रावतीबाई दारात बसून राहिल्या, सांगितलं होतं तेवढाच वेळ. "कट," प्रज्योत म्हणाला.

त्या उठल्या. खांद्यावरचं फडकं हातात घेतलं.

"जालें मरे? आतां पुसूं?"

उद्याचे दोन शॉट याच भिंतीवर होते. प्रज्योतला ते सांगवेना. शेवटी खाली बघत म्हणाला, "फाल्यां, आई. फाल्यां सांजेर."

"बरें," त्या म्हणाल्या. फडकं पुन्हा खांद्यावर टाकून आठ जणांची पानं घ्यायला निघाल्या. आणि भिंतीला पदर लागून धूळ पुसली जाऊ नये म्हणून आपल्याच दारातून अंग चोरून आत गेल्या.