नीट आलेला फोटो

"जीभ खाली ठेव, आत्या. खाली म्हणजे सैल सोड."

आत्यानं जीभ वर उचलली. मनीनं दाढांच्या आतल्या बाजूला जपून सरकवलेला एक्स-रेचा सेन्सर त्या धक्क्यानं वर आला. तिनं तो पुन्हा खाली बसवला, यंत्राचं नळकांडं आत्याच्या गालाशी आणलं आणि बटण दाबायला दाराबाहेर गेली. नेमका तेव्हाच आत्यानं आवंढा गिळला.

पडद्यावर दाढा उमटल्या, पण त्यांची मुळं अर्ध्यावरच कापलेली. बघायचं होतं ते टोकाशी, आणि टोकंच आली नव्हती.

"झालं?" आत्यानं विचारलं.

"नाही. परत काढावा लागेल."

"हा तिसरा होता."

"माहितीय मला."

पहिल्या फोटोच्या वेळी आत्यानं मान वळवली, त्यामुळे एक कोपरा चंद्रकोरीएवढा कोरा आला होता. दुसऱ्यात किरण तिरके गेले आणि दोन दाढा एकमेकींच्या अंगावर चढल्या. एरवी असे फोटो मनी बोलता बोलता काढायची. रडणाऱ्या पोरांचे, उलटी येणाऱ्यांचे, खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागणाऱ्यांचेसुद्धा. आज मात्र कालच कॉलेजातून बाहेर पडल्यासारखा तिचा हात चालत होता.

आत्याची सगळी हयात लोकांना पोहायला शिकवण्यात गेली होती. तलावाच्या काठावर शिट्टी घेऊन उभं राहायचं आणि ओरडायचं, हनुवटी आत, खांदे सैल, मान सरळ. मनीलाही तिनंच पाण्यात ढकललं होतं. आता हनुवटी, खांदे आणि मान कशी ठेवायची ते मनी सांगत होती, आणि आत्याला सांगायची सवय होती, ऐकायची नव्हती.

त्यात ही दाढ. महिन्याभरापूर्वी मनीनंच तिचं रूट कॅनाल केलं होतं. जुनी कीड खोलवर गेली होती, तेव्हा करणं भागच होतं. पण दुखणं काही थांबलं नाही. आत्यानं तोंडावर एका शब्दानं बोल लावला नाही. काकूला मात्र ती म्हणाली, "घरचीच डॉक्टर, बोलायचं कुणाला?" आणि काकूनं ते लगोलग फोन करून मनीला कळवलं. तेव्हापासून मनीला एकच गोष्ट पोखरत होती. मुळाच्या टोकापर्यंत औषध पोचलं नसेल तर? मुळातली एखादी नळी भरायची राहून गेली असेल तर?

मदतनीस बाईंनी दारातून डोकं आत घातलं. "मॅडम, बाहेरचे एक जण उठून चाललेत."

"जाऊ देत."

"माझ्यापायी तुझी गिऱ्हाइकं पळाली," आत्या म्हणाली.

"पेशंट म्हणतात त्यांना."

"पळाल्यावर काय, दोन्ही सारखीच."

मनीनं हातमोजे काढले, नवे चढवले. खुर्चीची पाठ सरळ केली, म्हणजे खालचा जबडा जमिनीशी समांतर राहील. सेन्सर हिरडीला खेटून न लावता जिभेकडे थोडा कलता ठेवला. आत्याला चावायला त्रास होऊ नये म्हणून पकडीखाली कापसाची गुंडाळी दिली. मग वाकून, एक डोळा मिटून, दोन दाढांच्या मधल्या फटीत सरळ बघता येईल असं नळकांडं वळवलं.

"आता नाकानं श्वास घे. आणि मनात आकडे मोज."

"कितीपर्यंत?"

"आत्या, तोंड मिट."

आत्यानं तोंड मिटलं. या खेपेला ती हलली नाही.

फोटो असा आला की विद्यार्थ्यांना दाखवावा. दाढा सुट्या, मुळं टोकापर्यंत पूर्ण, त्यांच्याभोवतीची केसाएवढी काळी रेघही अखंड. औषध जिथे थांबायला हवं होतं तिथेच थांबलं होतं. मनीनं महिनाभर कोंडलेला श्वास सोडला आणि पडदा आत्याकडे फिरवला.

"बघ. टोकापर्यंत भरलंय. सूज नाही, डाग नाही. शेजारची दाढही धडधाकट आहे. इथे काहीसुद्धा बिघडलेलं नाही."

"मग मी काय नाटक करते?"

"असं कोण म्हणतंय?"

"तुझा चेहरा म्हणतोय."

मनीनं ओठ आवळून आरशाच्या दांड्यानं एकेका दाढेवर टकटक केलं. काही नाही. गार फवाऱ्यात भिजवलेला कापूस शेजारच्या दाढेला लावला.

"कळ येते?"

"गार लागतं. कळ नाही."

"मग दुखतं कधी, ते तरी धड सांग. जेवताना?"

"जेवताना कशाला दुखेल? पोहताना दुखतं. चार फेऱ्या मारल्या की जबडा धरतो. तलावाचं पाणी गार असतं, तेच लागत असणार."

"आणि एरवी?"

"आज बसथांब्यावरून इथवर चालत आले, तेव्हा दुखलं. वारा होता."

"मग काय करतेस?"

"काय करणार? थांबते. पाण्यात असले तर काठ धरते. जरा थांबलं की जातं आपोआप."

मनीच्या हातातला कापूस हातातच राहिला. थोड्या वेळानं तिनं तो ट्रेमध्ये ठेवला.

"तेव्हा हात दुखतो?" तिचा आवाज एकदम खाली आला होता. "डावा?"

"दुखत नाही. जड होतो. वय झालं, मने. तुझ्या बापाचे तर दोन्ही गुडघे गेलेत."

कॉलेजात एका तासाला शिकवलेलं, परीक्षेपुरतं पाठ केलेलं मनीला आठवलं. जबड्यात उमटणारं दुखणं कधी कधी छातीतून आलेलं असतं. चालताना येतं, बसलं की जातं. महिनाभर ती दाढेकडे बघत होती, आणि आत्या महिनाभर पोहत होती.

"आत्ता दुखतंय?"

"आत्ता नाही. उठू का मी?"

"नको. बसून राहा."

"आणखी फोटो काढणारेस?"

"नाही."

मनीनं मदतनीस बाईंना हाक मारून तळमजल्यावरची चाकांची खुर्ची मागवली. बाहेरच्यांना आज घरी जायला सांगितलं. मग फोन उचलला.

"मने, दाढेची डॉक्टर तू," आत्या म्हणाली. "मग हा फोन कुणाला?"

मनीनं एक हात तिच्या खांद्यावर ठेवला. मोठ्या इस्पितळातल्या हृदयविभागात तिचा एक मित्र होता. त्यानं दुसऱ्या घंटेला फोन घेतला.

"माझी आत्या आहे," मनी म्हणाली. "तुझ्याकडे घेऊन येते, आत्ता."

"काय होतंय त्यांना?"

"दाढ दुखतेय."

पलीकडे तो काहीतरी थट्टेचं बोलायला लागला होता. मनीनं समोरच्या पडद्याकडे पाहिलं.

"दाढ चांगली आहे रे," ती म्हणाली.

तो बोलता बोलता थांबला. मग म्हणाला, "चालवू नकोस त्यांना. मी खाली येऊन थांबतो."

आत्यानं आजवर कुणाचं ऐकलेलं नव्हतं. आता मात्र ती खुर्चीत नीट मागे टेकून बसली, आणि मनीच्या हातावर आपला हात ठेवून, लहानपणी तिला पाण्यात उतरवताना म्हणायची तसं हलकेच म्हणाली, "श्वास घे."