टाकीच्या तळाचा नमुना

कुपीतल्या इंधनात जराही धूसरपणा नव्हता. तळणाच्या जुन्या तेलापासून केलेले बायोडिझेल, आणि इतके नितळ? मला संशय आला तो तिथेच.

मित्रांनो, मी इंधन तपासणारा एक जुना वर्णपटमापक आहे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मी इंधनातून सोडतो. त्यात लपलेले पाणी, मिथेनॉल, ग्लिसरीन आपापल्या वाट्याचा प्रकाश गिळतात. किती गिळला, त्यावरून मी चोर ओळखतो. मोजून पाणी मिसळलेल्या कुप्या दाखवून इथली प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ताईंनी मला हे शिकवले. तेव्हा पाहुणे आले की दादा, म्हणजे ताईंचे थोरले भाऊ आणि या कारखान्याचे मालक, आधी मला दाखवत.

मग रुग्णवाहिकेचा चालक तक्रार घेऊन आला. चढावर गाडी बंद पडली होती, आत रुग्ण होता. फिल्टरमध्ये पाणी आणि चिकट गाळ सापडला.

"तुमचं यंत्र म्हणतं शुद्ध. माझी गाडी म्हणते, नाही," तो म्हणाला. "खोटं कोण बोलतंय?"

दादांनी माझ्याकडे बोट दाखवले. मला म्हणे म्हातारचळ लागला होता. माझ्यावर धूळ साचू लागली, जाणारा-येणारा मला टपली मारू लागला. ताईंचाही माझ्यावरचा विश्वास डळमळला. त्यांनी माझी काच पुसली, पाणी मिसळलेली कुपी पुन्हा ठेवली. मी अचूक आकडा सांगितला.

मग त्यांची नजर नमुन्याकडे वळली. नमुना दादा स्वतः काढत, टाकीच्या झाकणातून, वरचा. दोघांचे वडील खाण्याचे तेल विकायचे. तेलाची पारख वरच्या थरावरून, ही त्यांचीच शिकवण. पण पाणी आणि ग्लिसरीन तळाशी बसतात, आणि गाड्या भरणारा नळही तळाशीच.

ताईंना ही शंका आधीही आली होती. पण वडिलांची रीत चुकीची, हे थोरल्या भावाला कोण सांगणार?

त्या दिवशी त्यांनी तळाचा नमुना आणला. आलेखावर पाणी दाखवणाऱ्या जागी माझी रेघ खड्ड्यात कोसळली. मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. पण त्यांच्यापुढे काय ठेवता, तेही तपासा.

बाहेर रुग्णवाहिका इंधनासाठी उभी होती. दादा म्हणाले, आजच्या गाड्या जाऊ देत, उद्या बघू.

ताई नळापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"नाही, दादा. बाबांची रीत चुकीची होती. ही टाकी मी आत्ता बंद करतेय."