स्क्रू नसलेलं मशीन

नवा कन्सोल बाजारात यायला अजून दोन महिने होते, पण दुकानात अंदाजांना नुसता ऊत आला होता. गेम विकायचं दुकान, तिथं दुसरं काय बोलणार?

दुकान दोन भावांचं. थोरला गेल्यावर त्याच्या बायकोनं मागचं दुरुस्तीचं टेबल आपणहून मागून घेतलं, त्याला अकरा वर्षं झाली. धाकटे दीर पुढचा काउंटर सांभाळायचे. ती त्यांना भावजी म्हणायची आणि बाकी सगळं गाव तिला वहिनी म्हणायचं.

तिथं एक रीत होती. नवं मशीन येणार असलं की ज्यानं त्यानं आपलं भाकीत गोदामाच्या दारावर खडूनं लिहायचं. आत काय असेल, खपेल की पडून राहील. चुकलं तर सगळ्यांसमोर आपल्याच हातानं पुसायचं.

एके दिवशी कंपनीचा माणूस नमुना घेऊन आला. "डिस्कची खाच नाही, एकही स्क्रू नाही," तो ऐटीत म्हणाला. "उघडायचं कामच नाही. बिघडलं तर बदलून नवं."

"म्हणजे दुरुस्तीचं टेबल नकोच!" भावजी खूश झाले. "तिथं शोकेस लावू."

नकोच! किती सहज म्हणून गेले हो!  पण वहिनी रडणाऱ्यांतली नव्हती, भांडणाऱ्यांतली होती. ती तरातरा पुढं आली, चालू मशीनवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि त्याच्या मुठीला कान लावला. मशीनमधल्या पंख्याचा आजार ती असाच ओळखायची.

"आतली हवा अडतेय. हे तापणार."

कंपनीचा माणूस हसला. "ताई, आम्ही हजारो लोकांना विचारून अंदाज काढतो."

"त्यातल्या एकानं तरी हे उघडून पाहिलंय का?"

 तिनं दारावर तीन ओळी ठोकून लिहिल्या: तापणार. उघडता येणार. खपणार नाही. भावजींनी खाली लिहिलं: तुफान खपणार, टेबल जाणार.

दोन महिन्यांनी कन्सोल बाजारात आला. आणि खपला की हो! पहिल्याच दिवशी दुकानाबाहेर रांग लागली, जेवणाच्या वेळेपर्यंत सगळी खोकी संपली. पोरं डिस्कची अदलाबदल करतात, बिनडिस्कचं कोण घेणार, असा तिचा हिशेब होता. तो साफ फसला. भावजींनी ओलं फडकं तिच्यापुढं धरलं.

तिनं तिसरी ओळ पुसली. "चुकले. लोकांना काय हवंय ते मला कळलं नाही. पण वरच्या दोन ओळींना हात लावायचा नाही."

"लावतंय कोण? उद्या सुतार येतोय, टेबल काढायला."

"येऊ दे."

दुसऱ्या दिवशी सुतार आला तेव्हा दुकानातला दाखवायचा कन्सोल तिच्या टेबलावर होता आणि कडेचा गोंद सैल व्हावा म्हणून ती त्याला हेअर ड्रायरनं ऊब देत होती.

"वहिनी! वॉरंटी जाईल!" भावजी ओरडत आले.

"जाऊ दे. गिऱ्हाइकाचा नाही, आपला आहे. अर्धं दुकान माझं आहे."

"तो उघडत नाही, कंपनीनं सांगितलंय!"

"कंपनीनं सांगितलं आणि तुम्ही माझं टेबल काढायला निघालात. मला एका शब्दानं विचारलंत?" तिचा आवाज चढला. "अकरा वर्षं मी इथं काय माशा मारत होते?"

 गिऱ्हाइकं भोवती जमली. तिनं प्लास्टिकची पातळ पट्टी फटीत सरकवली.  मशीन मोडलं तर टेबलही गेलं आणि तोंड दाखवायला जागाही नाही. पट्टी पुढं जाईना. तिनं परत ऊब दिली, परत सरकवली. कट्‌कन आवाज झाला आणि झाकण सुटलं.

हवा जायच्या जाळीवर फोमची पट्टी अर्धी सरकून चिकटली होती. तिनं ती कापून काढली, झाकण बसवलं, बटण दाबलं. काहीच नाही.

"झालं समाधान?" भावजी म्हणाले.

तिनं झाकण पुन्हा काढलं, आतली सैल वायर घट्ट बसवली, झाकण लावून बटण दाबलं. दिवा लागला. तासाभरानं गेम चालू असतानाच तिनं भावजींचा हात धरून मशीनवर ठेवला. काल तिथं बोट टेकवत नव्हतं, आज जेमतेम कोमट लागत होतं.

काल रांगेत पहिला असलेला गृहस्थ खोकं काखेत मारून सगळं बघत होता. "बाई, माझाही तापतोय," तो म्हणाला. "वॉरंटी संपल्यावर तुम्ही इथं असाल ना?"

सगळे भावजींकडे बघायला लागले. भावजींनी तोंड उघडलं, पण तिनं त्यांना बोलू दिलं नाही.

"इथं मागं नसेन," ती म्हणाली. "सुतारदादा, टेबल हलवायचंय ना? हलवा. पुढं दारात लावा, काउंटरच्या शेजारी."

सुतारानं बिचकत भावजींकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघता? दुसरी बाजू मी धरते," ती म्हणाली आणि पदर खोचला.