नाम फेंग गावाचे आभार

माझी धाकटी बहीण पान्हिया मर्सेडच्या दोन वर्षांच्या कॉलेजात मानववंशशास्त्र शिकत होती आणि ऑगस्टमध्ये तिने पुढील शिक्षणासाठी विद्यापीठात जावे, असे ठरलेले होते. आमच्या मुआ कुळात हा मान यापूर्वी कोणासही लाभला नव्हता. मी स्वतः आठवीनंतर टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात रुजू झालो. त्यामुळे तिच्या विद्येविषयी माझ्या अंतःकरणात नितांत आदर होता. चुलतभाऊ मात्र तिला "हाडं मोजणारी बाई" म्हणून चिडवीत.

अभ्यासाचा भाग म्हणून तिने हिवाळ्यात वडिलांकडून त्यांचा जीवनवृत्तांत ऐकून घेतला. एप्रिलमध्ये वडील निवर्तले.

मृतास वाट दाखविणारे गीत आम्ही लाओसच्या डोंगरांतून आलेले हमोंग लोक गातो. तो ज्या ज्या गावी राहिला, त्या त्या गावच्या भूमिदेवतेचे आभार मानीत गायक त्याला मागे मागे नेतो, थेट जन्मघराच्या खांबापर्यंत, जेथे त्याची वार पुरलेली असते. वार हे माणसाचे पहिले वस्त्र; ते पांघरल्यावाचून पूर्वज त्याला ओळखत नाहीत.

गायक नेंगचू काका अंत्यविधीच्या सभागृहात आले आणि त्यांनी गावे विचारली. मी सांगितली: मर्सेड, फ्रेस्नो, थायलंडमधील निर्वासितांची छावणी आणि लाओसमधील आजोबांचे गाव.

"एवढीच? नीट आठव रे. एक जरी गाळलंस ना, तर तुझा बाप तिथंच बसून राहील, बिड्या फुंकत."

पान्हियाने माझी बाही ओढली व मला बाहेर गाड्यांपाशी नेले.

"दादा, छावणीच्या आधीचं एक राहिलं. नाम फेंग."

"ते तर थाओ कुळाचं गाव. बाबा तिथं कशाला राहतील?"

मग माझे मलाच उमगले. आमच्यातील पुरुष परक्या कुळाच्या गावी राहतो, तो केवळ जावई म्हणून.

"बायको होती त्यांची. तान्ही मुलगीही होती. मेकाँग नदी ओलांडताना दोघी मागं राहिल्या. आईला कळू द्यायचं नाही, असं म्हणाले होते."

"मग झालं तर! तोंड मिटून बस."

"आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कुणी विश्वासानं सांगितलेलं फोडायचं नाही. पण दादा, बाबांनी ते कॉलेजसाठी सांगितलं, की आज काकांना सांगता यावं म्हणून?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू!"

ती मागे वळली. आत जाऊन तिने काकांच्या कानात ते नाव सांगितले.

ढोल वाजू लागला. काकांचा स्वर छावणीतून निघाला आणि नदी ओलांडून गेला. "नाम फेंगच्या भूमिदेवते, हा तुझं पाणी प्याला, यानं तुझं सरपण जाळलं. तुझे उपकार फेडले, आता याला जाऊ दे."

मृतासाठी जाळावयाच्या सोनेरी कागदाच्या होड्या दुमडणाऱ्या बायकांचे हात थांबले. सर्वांनी आईकडे पाहिले. आई एकटीच दुमडीत राहिली; तिच्या होड्या वाकड्या होऊ लागल्या होत्या.

दफन आटोपल्यावर तिने पान्हियाला विचारले, "कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनीच. अभ्यासासाठी विचारलं होतं मी."

"इतकी वर्षं एका पांघरुणात निजले मी त्यांच्याजवळ. मला नाही सांगितलं. तुझ्या कॉलेजाला सांगितलं!"

तदनंतर आई तिच्याशी बोलली नाही. ताट वाढी, पण मान वर करीत नसे. पान्हिया मला म्हणाली, "नाही जात मी. अशी कशी टाकून जाऊ तिला?" शेवटी जुलैमध्ये भाजीच्या वाफ्यात उभी असताना आईच बोलली.

"जा तू. तू समोर आलीस की मला ते गाव ऐकू येतं."

दूर निघालेल्याच्या मनगटावर वडीलधाऱ्यांनी पांढरा धागा बांधावयाचा असतो, म्हणजे त्याचा आत्मा वाटेत घाबरत नाही. निघण्याच्या सकाळी पान्हिया वाफ्याच्या कडेला हात पुढे करून उभी राहिली. आई पाठमोरी वाकून मोहरीतील तण उपटीत होती. दोन सऱ्या झाल्या, तिसरी झाली.

अखेरीस तो धागा मी बांधला. मला ती गाठ बांधता येत नव्हती; दोनदा सुटली.